लेन्सवरचे पॅसेंजर

पहिल्यांदा डोळ्यांत लेन्स घालून मी नागपूरच्या दवाखान्यातून बाहेर आले आणि समोरच्या निंबाची पानं मोजायला लागले. खरंच मोजायला लागले. सोबत आलेली याडी, म्हणजे माझी आई, ऑटोवाल्याशी भाव करत होती, आणि मी पन्नासपर्यंत पोचून पुन्हा एकपासून सुरू केलं, कारण मधेच वारा आला. तोवर झाड म्हणजे माझ्या लेखी काठीवर ठेवलेला हिरवा ढीग होता. त्याला सुटी सुटी पानं असतात आणि ती लांबूनही दिसतात, हे मला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी कळलं.

डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा गोल असतो. माझा तो पुढे निमुळता होत गेलेला होता. चष्म्यानं हे दुखणं सुधारत नाही. एक चंद्र मला चार दिसायचा, आणि समोरून येणाऱ्या दिव्याला शेपट्या फुटायच्या. कॉलेजात मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते आवाजावरून ओळखून नावानिशी उठवायची, आणि पोरं घाबरून असायची की मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही.

यावर उपाय म्हणजे कडक लेन्स. एका खास पॉलिमरची, शर्टाच्या बटणाहून लहान, पारदर्शक चकती. ती बुब्बुळावर बसली की पडद्याचा वाकडेपणा तिच्याखाली अश्रूंनी भरून निघतो आणि नजर सरळ होते. परतीच्या प्रवासात मी एस.टी.च्या खिडकीतून दिसेल तो बोर्ड मोठ्यानं वाचला. कळंब आलं तेव्हा याडीनं तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, "आता मले झोपू दे, छोरी. बोर्ड काही पळून नाही जात." आमच्या घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत बोलतो, पण इथं मी ते सगळं वऱ्हाडीत लिहिते आहे, म्हणजे वाचणाऱ्याला अडायला नको.

पण पानं मोजायला मी लेन्स घेतलीच नव्हती. मला बाची जीप चालवायची होती.

माझा बा दारव्हा ते यवतमाळ काळीपिवळी चालवतो. आमचे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. तांड्यातली म्हातारी माणसं अजून त्याची मिजास मारतात. बाच्या मते फरक एवढाच झाला की बैल गेले आणि डिझेल आलं. मी कॉलेजला त्याच जीपनं जाते, पुढच्या शिटावर, गिअरच्या दांड्याला गुडघे चुकवत. बारा वर्षांची असल्यापासून मी त्याला म्हणत आले की मला चालवू दे, आणि बारा वर्षांची असल्यापासून त्याचं उत्तर ठरलेलं, "तुह्या डोळ्यायचा भरवसा नाही." यावर मला बोलायला जागा नव्हती. लेन्स आली आणि जागा झाली. मी शिकाऊ लायसन्स काढून आणलं आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यानं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली. मग म्हणाला, "कापूस घरात येऊ दे." कापूसही आला.

आता लाज वाटण्यासारखी गोष्ट सांगते. एम.एस्सी.ला माझा प्रकल्प नेमका याच विषयावर होता. शरीरात बसवायच्या पॉलिमरवर प्रथिनं कशी चिकटतात, हा. मी प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापायची, अंड्यातल्या पांढऱ्याच्या पाण्यात बुडवायची, बाहेर काढून त्यावर पाण्याचा थेंब ठेवायची आणि मोबाइलनं बाजूनं फोटो काढायची. कोऱ्या पट्टीवर थेंब ताठ बसायचा. प्रथिन चढलेल्या पट्टीवर तो पसरून आडवा व्हायचा. त्या वर्षी आमच्या घरी अंड्यांतला फक्त पिवळा भाग खाल्ला गेला.

प्रथिन म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ, नीट गुंडाळून बसलेली. तिचे तेलकट मणी आत आणि पाण्याशी पटणारे बाहेर. ती पाण्याला नकोशा अशा प्लॅस्टिकला टेकली की गुंडाळी सैल पडते, आतले तेलकट मणी त्या पृष्ठभागाला जाऊन चिकटतात, आणि मग पहिल्यासारखी घडी पुन्हा होत नाही. शिवाय रक्तात किंवा अश्रूंत एकच प्रथिन नसतं, अनेक असतात, आणि ती जागेसाठी एकमेकांना उठवतात. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, हे उठवणं नेमकं कसं होतं. मी घाबरून बाची जीपच सांगितली. स्टँडवर जीप लागली की आधी कॉलेजची सडपातळ पोरं पळत येऊन बसतात, कारण ती पुष्कळ असतात आणि चपळ असतात. मग सावकाश एखादी जाडजूड काकू येते, डोक्यावर गाठोडं घेऊन. पोरं उठून मागे लटकतात. काकू एकदा बसली की यवतमाळ आल्याशिवाय हलत नाही. रक्तातही असंच होतं, लहान आणि भरपूर असलेलं प्रथिन आधी बसतं आणि मागून आलेलं मोठं, चिकट प्रथिन त्याला उठवून आपण बसतं. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग गंभीर होऊन त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी अजून मुलांना सांगते. शरीराची प्लॅस्टिकशी कधी गाठच पडत नाही. गाठ पडते ती त्यावर येऊन बसलेल्या प्रथिनांशी. ती नीट बसली असतील तर शरीर गप्प राहतं, वेडीवाकडी बसली असतील तर कुरकुरतं.

एवढं शहाणपण असलेली बाई काय करते बघा. सहा महिन्यांनी माझ्या लेन्सवर धुरकट साय दिसायला लागली, तर मी आधी शेतात जाळलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांच्या धुराला दोष दिला, मग रस्त्याच्या कामाच्या धुळीला, मग कॉलेजच्या ट्यूबलाइटला. प्राचार्यांना अर्जसुद्धा दिला आणि दोन ट्यूबलाइट बदलून घेतल्या. अश्रूंतली प्रथिनं रोज लेन्सवर बसत होती, पालथी पडत होती, घट्ट होत होती. लेन्स रोज तळहातावर द्रावणात चोळायची असते. ती तुटेल या भीतीनं मी तिला फक्त आंघोळ घालत होते. आठवड्याला एक गोळी पाण्यात विरघळवून तीत लेन्स ठेवायची असते, ती गोळी चढलेली प्रथिनं कापून काढते. गोळ्या संपल्या होत्या. नागपूरहून पार्सल यायला आठ दिवस लागणार होते.

आणि नेमकं तेव्हाच बानं हार मानली. म्हणाला, "बाजाराच्या दिवशी सकाळी चाल. सरळ रस्त्यावर उभं राहू. मी दूरचा बोर्ड दाखवतो, तू वाच. वाचला तं किल्ली तुही." बाजार परवावर आला होता. सतरा वर्षं वाट पाहिलेली किल्ली, आणि माझ्या डोळ्यांसमोर दूध सांडल्यासारखं दिसत होतं.

त्या दुपारी मी रिकाम्या गोळ्यांच्या डबीवर काय काय लिहिलंय ते भिंगानं वाचत बसले. पपेन. म्हणजे पपईचं विकर, एन्झाइम. मी उठले आणि थेट मिस्त्री चाचांच्या घरी गेले. चाचांचं गॅरेज दारव्ह्यात बसस्टँडच्या मागं आहे, बाची जीप त्यांनीच जिवंत ठेवली आहे. चाचीच्या हातचं मटण तोंडात घातलं की चावावं लागत नाही, आणि त्यामागची करामत मला लहानपणापासून ठाऊक होती. ती मटणाला कच्ची पपई चोळून ठेवते. मटणाचं प्रथिन गळतं, तर लेन्सवरचं का गळू नये? रसायनशास्त्राच्या दृष्टीनं माझ्या विचारात एक चूक नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. चूक दुसऱ्याच ठिकाणी होती.

चाची पाट्यावर पपई ठेचत होती. मी तिला म्हटलं, "चाची, थोडा मेरे को भी दो, लेन्स धोने का है." तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "आंख में डालने की चीज है ना वो?"

"धोके डालूंगी."

"तू पढीलिखी है, तेरे को मालूम," असं म्हणून तिनं वाटीभर पपई दिली आणि पुढं विचारलं, "नमक डालू?"

मी अंगणात बसून दोन्ही लेन्स त्या रसात तासभर ठेवल्या. मग उकळून गार केलेल्या पाण्यानं दहा वेळा धुतल्या. काय सांगू, आरशासारख्या झाल्या. साय गायब. मी चाचीच्या अंगणात गोल गोल नाचले, आणि तीही हसत हसत दोन टाळ्या वाजवून पुन्हा पाट्याकडे गेली.

बाजाराच्या दिवशी सकाळी लेन्स घातल्या. दहा मिनिटं जग लखलखीत होतं. मग डोळ्यांत मिरची पडल्यासारखं झालं. पपईचं विकर स्वतःच एक प्रथिन असतं. त्यानं जुन्या पॅसेंजरांना खाली उतरवलं आणि रिकाम्या झालेल्या शिटांवर आपणच बसलं, आणि दहा वेळा धुऊनही उठलं नाही. आता ते माझ्या डोळ्यांचं मटण करत होतं. शहाणी बाई तिथंच लेन्स काढून दवाखान्यात गेली असती. मी याडीचा काळा गॉगल लावला आणि जीपमध्ये जाऊन बसले. हा प्रयोग कुणीही, कधीही करू नये, हे मी वर्गात टेबलावर डस्टर आपटून सांगते.

गावाबाहेर सरळ रस्त्यावर बानं जीप कडेला घेतली, इंजिन बंद केलं. "गॉगल कायले?"

"ऊन."

"थो नवा बोर्ड पाह्य, चहाच्या टपरीजवळचा. काय लिहेल हाय?"

टपरी मला दिसली नाही. बोर्ड म्हणजे पाण्यात हलणारा एक गुलाबी डाग होता. गालावरून पाणी ओघळत होतं. मी डोकं चालवलं. दारव्ह्याच्या रस्त्यावर नवा बोर्ड लागला तर तो कशाचा असणार? "कृषी सेवा केंद्र," मी ठणकावून सांगितलं.

बा क्षणभर त्या दिशेनं बघत राहिला. "बरोबर," तो म्हणाला. "शाबास." आणि त्यानं किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

मला इतका आनंद झाला की मी दार उघडून खाली उडीच मारली. वाटलं, आधी डोळे धुवावेत, मग आयुष्यात पहिल्यांदा त्या चाकामागं बसावं. टपरीपर्यंत अंदाजानं पळत गेले, ड्रममधलं पाणी घेऊन हात धुतले, लेन्स काढून डबीत टाकल्या, डोळ्यांवर पाणी मारलं. मान वर केली तर बोर्ड हाताच्या अंतरावर होता. एवढ्या जवळून मलाही वाचता येतं. ब्यूटी पार्लर. खाली लिहिलं होतं, मेहंदी व फेशियल.

आधी वाटलं, बानं मुद्दाम पास केलं. पोरीचं मन मोडायला नको म्हणून. त्याच्या मायेनं मला भरून आलं. मग तो जीपमधून उतरून माझ्या मागं आला आणि बोर्डापासून पाच-सहा पावलांवर उभा राहून कमरेवर हात ठेवून बघायला लागला. मी म्हटलं, "बा, काय लिहिलंय?"

"तूच तं वाचलं. कृषी सेवा केंद्र."

त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. बा सातवी शिकलेला आहे, पेपर वाचायचा. वाचायचा, म्हणजे पूर्वी. आता तो पेपर याडीकडून वाचून घ्यायचा आणि म्हणायचा, तुझा आवाज चांगला आहे. मी तीन बोटं वर केली. "किती?"

"दोन," तो म्हणाला. मग माझा चेहरा पाहून, किंवा चेहरा दिसत नसल्यामुळं माझं गप्प राहणं ऐकून, म्हणाला, "चार?"

रोज दोन खेपा, प्रत्येक खेपेला दहा-बारा माणसं, आणि पुढच्या शिटावर मी. "कवापासून?"

"दोन-तीन वर्सं झाले. पांढरं पांढरं दिसते."

"अन् चालवतो कसा?"

"रस्ता पाठ हाय मले."

"अन् रस्त्यावरची माणसं?"

"हॉर्न देतो."

मी त्याच्यावर ओरडले. जन्मात कधी बापाला बोलले नव्हते ते सगळं त्या टपरीसमोर बोलले. चहावाला दुधाची पिशवी हातात धरून ऐकत होता. बानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "अन् तुले दिसत होतं तं तू कृषी सेवा केंद्र काहून वाचलं?" मग पुढं आला, माझं तोंड हातात धरून अगदी नाकाशी आणलं. "डोळे कायनं लाल झाले?"

"पपई," मी म्हणाले.

पूर्ण हकिकत ऐकल्यावर तो टपरीच्या बाकावर बसला. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. तो हसत होता, आवाज न करता, पोट धरून. "नमक डालू, म्हणे," असं त्याच्या तोंडून कसंबसं निघालं, आणि मीही बाकावर कोसळले. आम्ही दोघं ब्यूटी पार्लरखाली इतके हसलो की आतली बाई हातात दोरा घेऊन बाहेर आली. हसता हसता लक्षात आलं की आता जीप घरी न्यायला दोघांपैकी कुणाला दिसत नव्हतं. मिस्त्री चाचांना फोन केला. ते मोपेडवर आले, मोपेड टपरीपाशी लावली, काही न विचारता आम्हाला जीपच्या मागच्या शिटांवर बसवलं आणि स्वतः जीप चालवत तांड्यावर आणून सोडलं.

पुढचं दवाखान्याचं. मला पंधरा दिवस लेन्स बंद आणि एक लांबलचक बोलणी. बाला मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत पिकलेला. डोळ्याचं आपलं भिंग प्रथिनांचंच असतं. वयानं ती प्रथिनं गोळा होतात आणि उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी होतात. म्हणजे बापलेकी दोघांनाही प्रथिनांनीच आंधळं केलं होतं, मला बाहेरून आणि त्याला आतून. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाच्या डोळ्यात बसणारं भिंग दाखवलं, मऊ ॲक्रिलिकचं, घडी घालून बारीक चिरेतून आत सरकवायचं. आत उलगडल्यावर ते जागेवर कशानं राहतं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, डोळ्यातलंच एक चिकट प्रथिन भिंग आणि त्याभोवतीची पिशवी यांच्यामध्ये जाऊन बसतं आणि दोघांना घट्ट धरतं. मी खुर्चीवरून उठलेच. जे माझ्या लेन्सवर नको होतं, तेच बाच्या डोळ्यात हवं होतं. मी त्याला हे सगळं हातवारे करून समजावलं. तो म्हणाला, "चिकटू दे. पण तू बस."

एकेक करून दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं ठरली. त्या काळात पॅसेंजर बंद. जीप घरच्या कामापुरती, आणि ती मी चालवायची, असं ठरलं. बाचे डोळे होईस्तोवर, हे शब्द त्यानं दोनदा उच्चारले. चाचांनी मला मैदानावर शिकवलं, मी स्वच्छ चोळलेल्या लेन्स घालून परीक्षा दिली आणि पास झाले. पहिल्यांदा जीप तिसऱ्या गिअरमध्ये गेली तेव्हा मी इतक्या मोठ्यानं गायले की चाचांनी कानात बोटं घातली. मी बाला दर आठवड्याला तपासणीला नेत होते, त्याला बरं वाटावं म्हणून मनापासून धडपडत होते, आणि त्याच वेळी चाकामागचे माझे किती आठवडे उरले ते मोजत होते. त्याला दिसायला लागलं की चाक गेलं. एवढी नीच लेक कुठं असेल, असं मला वाटायचं, आणि तरी यवतमाळहून येताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं यायची.

दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी निघाली, थेंब संपले, डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला मोकळीक दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बा अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून जीपपाशी उभा होता. त्यानं हात पुढं केला. मी किल्ली दिली आणि गुडघे चुकवत आपल्या जुन्या जागेवर बसले. खिडकीबाहेर बघत राहिले, म्हणजे त्याला माझा चेहरा दिसू नये. आता त्याला दिसत होतं ना.

तो खूप हळू चालवत होता. झाडं बघत होता, बोर्ड वाचत होता, एका बकरीसाठी पूर्ण थांबला. नाल्यावरचा अरुंद पूल आला आणि त्यानं अलीकडंच ब्रेक मारला. पुलाचा डावीकडचा कठडा निम्म्याहून जास्त तुटलेला आहे. खाली खडक आहेत.

"हा कवा तुटला?"

"तीन वर्षं होतील, बा."

चाकावरचे त्याचे हात मला दिसत होते. रोज दोन खेपा, चार वेळा हा पूल. तो मोजत असावा, कारण त्याचे ओठ हलत होते. मग त्यानं इंजिन बंद केलं, उतरला, बोनेटला हात लावत पलीकडून फिरून माझ्या बाजूला आला आणि दार उघडलं.

"सरक तिकडं," तो म्हणाला.

मी सरकले. जीप चालू केली, पहिल्या गिअरमध्ये घेतली आणि उजवीकडं धरून पुलावर घातली. पूल संपेपर्यंत बाचा हात हँडब्रेकवर होता. मी त्याला तो काढ म्हटलं नाही.